मुनीम तिकीट काढत नाही

परवा एका साहित्यिक कार्यक्रमाला गेलो होतो. एक कादंबरीकार माइकसमोर उभे राहिले आणि डोळे अर्धे मिटून म्हणाले, "माझी पात्रं माझं ऐकतच नाहीत हो. मी त्यांना एकीकडे नेतो, ती भलतीकडेच निघून जातात." सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर "वा, वा" म्हणत माझ्या मांडीवर थाप मारली. मी उठलो, बाहेर आलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण एकेकाळी ते मीही म्हणत असे, छाती फुगवून म्हणत असे, आणि ते माझ्या बहिणीला भोवलं.

साठ सालानंतरचे दिवस. मी सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, त्यावर बाबा लुगडी विणायचे आणि माझी धाकटी बहीण त्यांच्याशेजारी बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आई आम्ही लहान असतानाच गेली. खुर्चीवर बसून पगार घेणारा घराण्यातला मी पहिला, त्यामुळे बाबांना माझं फार कौतुक. माझ्या शब्दाला घरात वजन होतं. जरा जास्तच होतं.

कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर माझा मित्र बसायचा. महाल भागात भोसल्यांच्या काळापासून राहणारं त्याचं घर, आजे-पणजे सगळे लेखणीवाले. अक्षर सुंदर, बोलणं मवाळ, आणि वादाचा प्रसंग आला की त्याला नेमकी तहान लागायची. साहेब कुणावर ओरडू लागले की हा उठून माठाकडे जायचा. आम्ही त्याला हसायचो. तोही हसायचा.

आम्हा दोघांना लिहिण्याचा नाद होता. गावातल्या एका साप्ताहिकाने क्रमशः कादंबरी मागितली तेव्हा आम्ही ती मिळून लिहायचं ठरवलं, दोघांच्या मिळून एका टोपणनावाने. दोन माणसं घेतली. एक कापडाच्या पेढीवरचा मुनीम, जो उमरेड-खाप्याकडे फिरून विणकरांकडून लुगडी गोळा करतो. दुसरा त्याचा जिवलग मित्र, गल्लीतला शाळामास्तर. मुनीम त्याचा, मास्तर माझा. एका आठवड्याला त्याचं प्रकरण, दुसऱ्या आठवड्याला माझं. नियम दोनच. पुढे काय होणार हे एकमेकांना विचारायचं नाही, आणि दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत कचेरीमागच्या हॉटेलात पोहे-चणा खाता खाता तो पानं माझ्या हाती द्यायचा, मी तिथेच वाचायचो आणि संध्याकाळी सायकलवरून साप्ताहिकात नेऊन टाकायचो.

मुनीम त्याने घेतला खरा, पण मागाचं त्याला काही कळत नव्हतं. ते बघायला म्हणून तो आमच्या घरी येऊ लागला. बाबांच्या मागाजवळ बसायचा, हे काय, ते कसं, विचारायचा. बाबा आधी अवघडले, मग खुलले. बहीण चहा आणून ठेवायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं, प्रश्न बाबांना असतात आणि नजर कांड्यांकडे असते. बहीण मॅट्रिक झालेली, वाचनाची फार आवड. आमची कादंबरी छापून आली की तीच बाबांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि बाबा धोटा फेकता फेकता ऐकायचे.

एक दिवस त्याने हॉटेलातच मला विचारलं, "तुझ्या बहिणीसाठी मी चालेन का?" मला ठसका लागला. मी त्याला म्हटलं, तुझ्या घरचे? आमची जात, आमचा माग, सगळं बघतील ना. तो म्हणाला, "ते मी बघतो. माझ्यावर सोड."

मी सोडलं. घरी बाबांना पटवायला मला महिना लागला असेल. ते म्हणायचे, "ते मोठ्या घरातले लोक हायेत. आपल्या घरचं पानी पितीन का?"

"तो तर येऊन चहा पिऊन राहिला ना बाबा," मी म्हणायचो.

"तो पिऊन राहिला. त्याची माय?"

त्याच वेळी उमरेडहून आमच्यातलंच एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत नोकरीला, माणसं चांगली. बाबांचा जीव तिकडे ओढत होता. मी त्यांना सांगितलं, नाही म्हणून कळवा, याची जबाबदारी माझी. बहिणीला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणाली, "तुले जे वाटते ते कर दादा." पण तिचा चेहरा काय सांगत होता ते आंधळ्यालाही दिसलं असतं. बाबांनी उमरेडला नकार कळवला. दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं असं आमच्यात ठरलं, तोवर तो घरच्यांशी बोलणार होता.

गणपती झाले. बोललास का, मी विचारलं. "पितृपक्ष संपू दे," तो म्हणाला. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

इकडे कादंबरीत मुनीम खाप्याला गेला होता. वसुली आटोपून त्याने परत यायचं आणि मास्तराबरोबर गल्लीत कापडाचं छोटं दुकान टाकायचं, एवढा शेवट मात्र आम्ही कादंबरी सुरू करतानाच ठरवला होता. त्याच्या प्रकरणात कन्हान नदीला पूर आला आणि मुनीम पलीकडे अडकला. ठीक आहे, म्हटलं, छान वळण आहे. मी माझ्या प्रकरणात मास्तराला वाट बघायला लावलं. पुढच्या प्रकरणात पूर ओसरला, पण मुनीम आला नाही. त्याच्या पुढच्यात तो तिथून दुसऱ्याच गावाला गेला आणि खोली घेऊन राहिला. मी विचारलं, "अरे, हा परत का येत नाही?"

तो पोह्यांत चमचा फिरवत म्हणाला, "मी काय करू? मी त्याला स्टेशनापर्यंत नेतो. तो तिकीट काढत नाही."

काय वाक्य होतं! मी अक्षरशः खुळावलो. खऱ्या लेखकांच्या बाबतीतच असं होतं, मी ऐकलं होतं, वाचलं होतं. आपल्या हातून माणूस जन्माला आला आणि तो आता आपल्याला जुमानत नाही! मी ते वाक्य कचेरीभर सांगितलं. साप्ताहिकाच्या संपादकांना सांगितलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "कानाखाली एक ठेवून दे म्हना त्याच्या, काढीन तिकीट." मी हसलो. मला वाटलं, बाबांना लिहिण्यातलं काय कळतं.

मुनीम जितका लांब जाई तितका माझा मास्तर हळवा होई. तो सकाळी शाळेत जाण्याआधी स्टेशनावर चक्कर मारायचा, मित्राच्या नावाची दुकानाची पाटी रंगवून घ्यायचा. ती प्रकरणं मी जीव ओतून लिहिली. आणि समोरच्या टेबलावरचा माणूस ती वाचून म्हणायचा, "मास्तर फार मोठ्या मनाचा आहे रे." आणि तेच पान परत वाचायला घ्यायचा. मला वाटायचं, ही माझ्या लेखणीची ताकद.

दसऱ्यानंतरच्या एका प्रकरणात मुनीम आगगाडीत बसलेला दाखवला होता, तीही परतीची नव्हेच. त्याच्या खांद्यावर पांढरं उपरणं. समोरचा प्रवासी विचारतो, या उपरण्यात शेवटाकडे एकच लाल रेघ कशी? मुनीम म्हणतो, "विणणाऱ्याची चूक. म्हणून तर स्वस्तात पडलं." आणि ते उपरणं बाकावर पसरून त्यावर झोपी जातो. मी हॉटेलात वाचून टेबलावर हात आपटला. म्हटलं, हे तुला कुठून सुचलं? विणकराच्या घरात वाढलेल्या मला नाही सुचलं! तो म्हणाला, "मला कुठं सुचलं? तोच बोलला." मग त्याला तहान लागली आणि तो पाणी प्यायला उठला.

अंक आला त्या संध्याकाळी बहीण नेहमीप्रमाणे वाचत होती. माग चालू होता. उपरण्याच्या जागेवर आली आणि थांबली. बाबा म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, मुनीम झोपला," आणि अंक मिटून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती चुलीपाशी नुसतीच उभी होती.

"दादा, ते उपरनं तू सांगतलं होतं का त्यायले?"

"कोनतं उपरनं?"

मग तिने सांगितलं. दसऱ्याला आमच्याकडून त्याला एक उपरणं दिलं होतं, ते मला ठाऊक होतं. बाबांनी विणलं होतं. पण विणत असताना बाबा जेवायला उठले तेव्हा तिने धोट्यात लाल सुताची कांडी घातली आणि एकच फेक टाकली. एकच आडवा लाल धागा. पुन्हा पांढरी कांडी घालून थोडं विणून ठेवलं. बाबांना दिसलं असणारच, त्यांच्या नजरेतून सूत सुटत नाही, पण ते काही बोलले नाहीत. उपरणं देताना तिने त्याला तो धागा दाखवला होता आणि सांगितलं होतं, "हा माह्या हातचा हाये." तिच्या उभ्या आयुष्यात एखाद्या पुरुषाला ती याहून जास्त काही बोलली नव्हती.

"मुनीम नाही जाऊन राहिला दादा," ती म्हणाली, "ते जाऊन राहिले."

आणि मी काय केलं? मी तिला समजावून सांगितलं. लेखक पाहिलेलं, ऐकलेलं कुठेही वापरतो, ते मनाला लावून घ्यायचं नसतं. पात्र एकदा उभं राहिलं की ते आपल्या मनाने वागतं, लिहिणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. तो मुनीम वाईट आहे म्हणून तो वाईट होत नाही. मी चांगला अर्धा तास बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." मग पीठ मळायला घेतलं.

दिवाळीला त्याने मोठी रजा टाकली. इंदूरला मामांकडे जातो म्हणाला, आईला तिकडे सोडायचंय, आणि तिथेच सगळ्यांसमोर विषय काढतो. मी घरी तसं सांगितलं. बहिणीने घर सारवून काढलं. बाबांनी आपल्या सुताचं, आपल्या काठाचं एक लुगडं मागावर चढवलं, पोरीच्या साक्षगंधासाठी.

तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर तो परत आला, त्या दिवशी हातात पेढ्यांचा पुडा होता. कचेरीत सगळ्यांनी त्याला घेरलं. आमचे हेडक्लार्क ओरडले, "बेट्या, चुपचाप शादी करून आला! आम्हाले बरात तरी दाखवायची होती!" मला आधी वाटलं, थट्टा चाललीय. मग त्याने माझ्यासमोर पुडा धरला. माझ्याकडे न बघता धरला. मी पेढा घेतला. आजही सांगतो, तो पेढा मी घेतला आणि हातात तसाच धरून बसलो, कारण मला दुसरं काही सुचलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो नेहमीसारखा हॉटेलात आला. त्याच टेबलावर बसला. मी म्हटलं, "हे काय केलंस?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलंय."

"काय कळलंय?"

"मी किती दिवस तेच तर लिहीत होतो. दर प्रकरणात सांगत होतो. घरी विषय काढणं मला शक्य नव्हतं रे. आईने इंदूरची मुलगी आधीच बघून ठेवली होती. तुला तोंडाने सांगण्याची हिंमत होईना, म्हणून मुनीमाकडून वदवत होतो. तू वाचून प्रत्येक वेळी वाहवा करत होतास. मला वाटलं, तू समजून घेतलंस. मास्तर बघ ना, किती समजूतदारपणे वाट बघतो, एकदाही दोष देत नाही. मला वाटलं, ते तूच मला सांगतो आहेस."

या माणसाने कादंबरीतून माझ्या बहिणीचं लग्न मोडलं होतं, आणि कादंबरीतूनच माझी संमती घेऊन टाकली होती! मी म्हटलं, "तू तर म्हणालास तो तुझं ऐकत नाही. तिकीट काढत नाही."

"मग काय म्हणणार होतो?" तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि लाल धागा? तोही मलाच सांगायचा होता?"

त्याने खिशातून घडी केलेली पानं काढली आणि टेबलावर ठेवली. पुढचं प्रकरण! लग्नाच्या गडबडीतही लिहून आणलं होतं. मी पाण्याचा पेला उचलून त्या पानांवर ओतला. शाई पसरली. हॉटेलातली पोरं बघू लागली. तो उठला, ओली पानं रुमालात गुंडाळली आणि गेला. त्या दिवसापासून मी माझं टेबल भिंतीकडे तोंड करून लावून घेतलं. साप्ताहिकाला कळवलं की माझ्याकडून यापुढे एक ओळ मिळणार नाही. पुढे त्याने दुसऱ्या कचेरीत बदली करून घेतली.

घरी सांगितलं तेव्हा माग थांबला. बाबा एवढंच बोलले, "उमरेडवाल्याले मी तुह्या शब्दावर नाही म्हनलं होतं." परत ते कधीही त्याबद्दल बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उमरेडच्या मुलाचं तोवर ठरलं होतं. बहिणीसाठी मी नंतर खूप फिरलो. पण गल्लीत, नात्यात बोभाटा झाला होता, आणि जिथे जुळत आलं तिथे तिनेच नाही म्हटलं. ती बालवाडीत शिकवायला लागली. बाबा गेल्यावर माग निघाला, त्या खोलीत तिची शाळेची खेळणी आली. आम्ही दोघं बहीणभाऊ राहत होतो. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. एक गोष्ट मात्र मी धरून होतो. तिला फसवणारा तो होता. मी तिच्या बाजूचा, आणि हे तिलाही माहीत आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केव्हातरी त्याचं पुस्तक निघालं. आमचीच कादंबरी, पुढे त्याने एकट्याने पुरी केलेली. टोपणनाव गेलं होतं, कव्हरवर त्याचं एकट्याचं नाव. बहिणीने ते वाचनालयातून आणलं. मला न सांगता आणलं आणि न सांगता वाचलं. एका रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, ती पुस्तक घेऊन आली आणि समोर बसली.

"दादा, शेवटी मुनीम परत येते."

मी म्हटलं, "येऊ दे. मले काय त्याचं?"

"बायकोले घेऊन येते. मास्तर त्यायले घरात घेते. जेवाले वाढते. आन् म्हनते..." तिने पान उघडलं आणि वाचलं. "'गड्या, तुझं काही चुकलं नाही. नदीला पूर होता. पुरात माणूस काय करणार?'"

माझा वस्तरा थांबला. वाक्य माझं नव्हतं. पण ते अगदी माझ्यासारखं होतं. तसेच तुकडे, तसंच "गड्या." त्याने माझा मास्तर इतका नीट उचलला होता की मला स्वतःला क्षणभर वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलं असेल. मुनीम त्याचा होता, त्याचं त्याने वाट्टेल ते करावं. मास्तर माझा होता. आणि तो तिकडे जाऊन बसला होता, त्यांच्या पंगतीत.

"हे मी नाही लिहिलं," मी म्हणालो. "एक अक्षर माहं नाही त्यात."

"मास्तर तर तुहा होता ना?"

"माहाच होता. पन हे त्यानं लिहिलं, त्या हरामखोरानं."

"बोलनं तर तुहंच हाये दादा. घरात तू असाच बोलतं." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मी तिच्याहून मोठ्याने चिडलो असतो. "मंग मास्तर आपल्या मनानंच बोलला का?"

ती मला टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मीच तिला एकदा चुलीपाशी उभं करून अर्धा तास शिकवलं होतं ते. साबण गालावर वाळत होता. तिने पुस्तक मिटलं आणि उठता उठता म्हणाली, "माफ कराच्या आधी मले एकदा विचारून तरी घ्याचं होतं, दादा."